फिश टँकचा संप घरात कुठे ठेवायचा? सोलापूरच्या घरांसाठी पायरी-पायरीने

माझ्या चार फुटी टाकीचा संप सहा वर्षांत तीन जागी फिरला. आधी हॉलला लागून असलेल्या पश्चिमेच्या व्हरांड्यात, मग जिन्याखाली, आणि आता गेली तीन वर्षं टाकीच्या खालीच, स्टँडच्या पोटात. या फिराफिरीत दोनदा पाइप कापले, एकदा भिंतीला पाडलेलं भोक बुजवलं आणि एका रात्री हॉलभर पाणी झालं. जुळे सोलापुरात आमच्या आसपास आता बऱ्याच घरांत मोठ्या टाक्या आल्यात. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, पॅरट असे मासे पाळले की लहान फिल्टर पुरत नाही, मग संपाचा विचार सुरू होतो. "काकू, संप करायचाय, कुठे ठेवू?" हा प्रश्न मला इतक्यांदा आलाय की सगळं एकदा नीट लिहून काढते.

ज्यांना शब्द नवा आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. अंगणात जमिनीखाली पाण्याचा हौद बांधतात, त्यालाही संप म्हणतात. तो हा नव्हे. हा संप म्हणजे माशांच्या टाकीच्या खालच्या पातळीवर ठेवलेली दुसरी काचेची टाकी. वरच्या टाकीतलं पाणी काठावरून ओसंडून पाइपाने आपोआप खाली येतं, संपातल्या स्पंजातून आणि सिरॅमिक रिंगांतून गाळत जातं, आणि शेवटच्या कप्प्यातला पंप ते पुन्हा वर चढवतो. रिंगांवर वाढणारे जिवाणू माशांच्या मलमूत्रातून तयार होणारा अमोनिया आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये बदलतात. हे जिवाणू नव्या संपात नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून जागा एकदाच आणि विचार करून ठरवायची. चालू संप हलवायचा म्हणजे त्या बसलेल्या घडीला धक्का.

लागणारं सामान

खरेदीला जाण्याआधी एवढं जवळ ठेवा: मोजपट्टी, कागद-पेन्सिल, गवंड्याकडची पाणसळ किंवा पाणी भरलेली पारदर्शक नळी, मार्कर, दोन बादल्या, थर्मामीटर.

जोडणीसाठी: १ इंची पीव्हीसी पाइप, एल्बो (शक्यतो ४५ अंशांचे), टाकीच्या भोकासाठी टँक कनेक्टर, दोन बॉल व्हॉल्व्ह, दोन युनियन (हाताने फिरवून सोडवता येणारे पाइपाचे जोड), पाइप चिकटवायचं सॉल्व्हंट, टेफ्लॉन टेप. युनियन विसरू नका. पाइप कायमचे चिकटवले की पंप साफ करायला काढताना पाइपच कापावा लागतो.

काचेखाली घालायला थर्मोकोल. सिलिकॉन घेताना डब्यावरचं वाचा. बाथरूमसाठीच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असतं, ते टाकीला चालत नाही.

भाड्याच्या घरात असाल तर घरमालकांना आधी सांगा आणि व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी होकार घ्या. भिंतीला भोक पाडायचं असेल तर नक्कीच.

पायरी १ : वीज गेल्यावर किती पाणी खाली येणार, ते आधी मोजा

नवीन माणूस जागा शोधताना पंप चालू आहे असं धरून बघतो. संप कुठे दिसणार नाही, आवाज कुठे येणार नाही, एवढाच विचार असतो. माझंही तसंच झालं. खरी परीक्षा वीज जाते तेव्हा होते.

पंप थांबला की दोन वाटांनी पाणी खाली येतं. एक म्हणजे ओसंडणाऱ्या काठाच्या वर असलेलं पाणी. ते थोडंच असतं. दुसरी वाट धोक्याची आहे. पंपाचा चढता पाइप वरच्या टाकीत पाण्याखाली बुडालेला असला, तर त्याच पाइपातून पाणी उलटं खाली ओढलं जातं. याला सायफन म्हणतात. पाइपाचं तोंड जितकं खोल, तितकं पाणी खाली.

माझ्या टाकीचं माप १२० × ४५ × ४५ सेंटिमीटर. म्हणजे पाण्याची पातळी १ सेंटिमीटर उतरली की ५.४ लिटर खाली आले. संपाचं माप ९० × ३५ × ३५ सेंटिमीटर, आणि त्यात चालू पाणी २० सेंटिमीटर. काठापर्यंत १५ सेंटिमीटर रिकामे, म्हणजे साधारण ४७ लिटरची जागा. मला वाटलं, भरपूर झाली. पण चढत्या पाइपाचं तोंड मी १५ सेंटिमीटर खोल ठेवलं होतं, पाण्याला खालून हालचाल मिळावी म्हणून. एका रात्री दोनच्या सुमाराला वीज गेली. १५ सेंटिमीटर म्हणजे ८१ लिटर खाली आले, संपात मावले ४७, आणि उरलेले ३४ लिटर जिन्याखालून शहाबादी फरशीवर पसरत हॉलमध्ये आले. सासूबाई पहाटे उठल्या आणि त्यांचे पाय पाण्यात पडले. घरातल्या जुन्या चादरी टाकून आम्ही पाणी टिपलं. चादर भिजली की बादलीत पिळायची, पुन्हा टाकायची. वरच्या टाकीत मासे उरलेल्या पाण्यात एका कोपऱ्यात गोळा झाले होते.

दुसऱ्याच दिवशी मी दोन गोष्टी केल्या. पाइपाचं तोंड पाण्याच्या पृष्ठभागाजवळ आणलं. आणि त्या पाइपाला, पाण्याच्या पातळीच्या जेमतेम खाली, ड्रिलने छोटं भोक पाडलं. पातळी त्या भोकापर्यंत उतरली की आत हवा शिरते आणि सायफन तुटतो. आता वीज गेली की पातळी ३ सेंटिमीटर उतरते. १६ लिटर आणि पाइपातलं थोडं, धरा १८ लिटर. संपात पाणी पावणेसहा सेंटिमीटर चढतं आणि काठाच्या बरंच खाली थांबतं.

तुमचं गणित असं मांडा: वरच्या टाकीची लांबी × रुंदी × उतरणारी पातळी, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले १०००. उत्तर लिटरमध्ये येतं. त्याच्या दीडपट रिकामी जागा संपात हवी. ज्या जागेत एवढा मोठा संप मावत नाही, ती जागा यादीतून काढून टाका.

काही जण म्हणतात, चढत्या पाइपाला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, लावा, झालं. लावा हवं तर, पण त्याच्या भरवशावर राहू नका. शेवाळाचा एक धागा किंवा गोगलगाईचं पिल्लू अडकलं की तो पूर्ण मिटत नाही. भोकावर माझा जास्त विश्वास आहे, आणि ते भोकही दर पंधरा दिवसांनी टूथपिकने साफ करते.

पायरी २ : जागांची तुलना करा

*टाकीच्या खाली, स्टँडमध्ये.* शक्य असेल तर हीच जागा घ्या. पाइप छोटे, उतार सरळ, पंपाला उंची कमी, आणि गळती झाली तर एकाच ठिकाणी. पण स्टँड बनवायला देताना चित्र काढून द्या. माझ्या पहिल्या स्टँडला फॅब्रिकेटरने मजबुतीसाठी पुढच्या बाजूला मधोमध एक पाय दिला. त्याच्या दृष्टीने बरोबरच होतं. पण त्यामुळे तीन फुटी संप आत जाईना, आणि म्हणूनच तो आधी व्हरांड्यात आणि मग जिन्याखाली गेला. नवा स्टँड करताना मी मधला पाय मागच्या बाजूला घ्यायला लावला, आणि पुढची वरची आडवी पट्टी जाड अँगलची केली. आता भरलेली टाकी वर असतानाही संप रिकामा करून पुढून बाहेर ओढता येतो. तुमच्याकडेही हे जमलंच पाहिजे. काच कधी ना कधी पाझरते.

दुसरं, संपाच्या काठापासून स्टँडच्या वरच्या पट्टीपर्यंत निदान १० इंच मोकळं ठेवा. हात कोपरापर्यंत आत गेला पाहिजे आणि पंप उभा वर उचलता आला पाहिजे. ज्या संपात हात जात नाही तो साफ होत नाही, आणि साफ न होणारा संप म्हणजे घाणीचं साठवण.

*टाकीच्या शेजारी, कमी उंचीवर.* स्टँड आधीच बंद कपाटासारखा असेल तर शेजारी बुटका संप ठेवता येतो. संपातल्या पाण्याची पातळी वरच्या टाकीच्या पातळीपेक्षा खाली असली की पाणी उतरतं. उंचीतला फरक कमी म्हणून छोटा पंप चालतो. जागा मात्र अडते, आणि लहान मुलं हात घालतात. झाकण लागतंच.

*जिन्याखाली.* सोलापुरातल्या बैठ्या आणि एकमजली घरांत ही जागा सगळ्यांना आधी सुचते, कारण ती रिकामी दिसते. ती खरंच रिकामी आहे का ते बघा. बहुतेक घरांत इन्व्हर्टर आणि बॅटरी तिथेच असते. उघड्या पाण्याचा संप आणि बॅटरी एका बंद कोपऱ्यात नको. त्या रात्री पाणी आलं तेव्हा आमची बॅटरी लाकडी पाटावर होती, म्हणून वाचली. शिवाय माझी टाकी तिथून नऊ फूट लांब. उतरत्या पाइपाला नऊ फुटांत नीट उतार देता आला नाही, मधे पोट आलं, तिथे हवा अडकायची आणि दिवसभर गुडगुड आवाज. जिना टाकीला लागूनच असेल, इन्व्हर्टर दुसरीकडे असेल आणि वाकून नव्हे तर बसून काम करता येईल एवढी उंची असेल, तर जिन्याखालची जागा चांगली आहे. नाहीतर सोडून द्या.

*भिंतीपलीकडे, शेजारच्या खोलीत.* आवाज अजिबात नको असणाऱ्यांसाठी. भिंतीत भोक पाडावं लागतं, तेव्हा आत वायरिंग किंवा नळाचा पाइप नाही ना, हे ज्याने घर बांधलं त्या गवंड्याला विचारा. पाइप भिंतीतून थेट न नेता थोड्या मोठ्या पाइपाच्या तुकड्यातून न्या, म्हणजे पुढे बदलता येतो. स्वयंपाकघराच्या बाजूला संप नको. फोडणीचा तेलकट धूर पाण्यावर तवंग धरतो. देवघराशेजारीही रोजच्या उदबत्तीचा विचार करा.

*व्हरांडा किंवा गॅलरी.* पूर्व किंवा उत्तर असेल आणि ऊन थेट येत नसेल तरच. पश्चिमेला अजिबात नको. का, ते पायरी ५ मध्ये सांगते.

*गच्ची किंवा वरचा मजला.* नको. सोलापूरचं ऊन, माकडं, धूळ हे सोडाच; पाणी गच्चीपर्यंत चढवायला मोठा पंप लागतो. ४० वॅटचा पंप चोवीस तास चालला तर महिन्याला २९ युनिट होतात. १०० वॅटचा घेतला तर ७२. वर्षभर, पंपाला सुट्टी नाही.

*टाकीच्या वर.* याला दुकानात टॉप फिल्टर म्हणतात. पंप टाकीत, पाणी वरच्या खोक्यात चढतं आणि गाळून पुन्हा टाकीतच पडतं. खोकं टाकीच्या बरोबर डोक्यावर असल्यामुळे वीज गेली तरी पाणी टाकीबाहेर जात नाही. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्यांना, खाली दुसऱ्यांचं घर किंवा कारखाना असणाऱ्यांना मी हेच सुचवते. खालच्या मजल्यावर टॉवेलचे गठ्ठे रचलेले असतात अशी घरं आपल्या पेठांमधून कितीतरी आहेत. गाळण्याची ताकद संपापेक्षा कमी पडते, पण झोप लागते.

पायरी ३ : वजन आणि फरशी

माझ्या टाकीत पाणी साधारण २२० किलो, काच ५०, वाळू-दगड ४०, स्टँड ४५, संपातलं पाणी, काच आणि रिंगा मिळून शंभराच्या आसपास. साडेचारशे किलो. संप खाली ठेवला की हे सगळं वजन एकाच जागी येतं.

तळमजल्यावर फारशी काळजी नाही. वरच्या आरसीसी स्लॅबवर टाकी भिंतीला लागून, बीमजवळ ठेवा, खोलीच्या मधोमध नको, आणि एकदा इंजिनिअरला दाखवा. जुन्या पेठांतल्या माळवदाच्या किंवा लाकडी तुळयांच्या घरात वरच्या मजल्यावर एवढी टाकी ठेवूच नका.

मग पाणसळ लावा. शहाबादी फरशी डोळ्यांना सपाट दिसते, पण मोरीच्या किंवा दाराच्या बाजूला तिला उतार दिलेला असतो. आमच्याकडे चार फुटांत जवळपास सेंटिमीटरभर फरक निघाला. स्टँडच्या पायाखाली स्क्रूचे पाय लावून तो काढला. टाकी तिरकी असली तर ओसंडणारा काठ एका बाजूने कमी वाहतो आणि काचेवर ताण येतो. संप फरशीवर थेट ठेवू नका. दोन-तीन इंच उंच फळीवर, थर्मोकोल घालून ठेवा. फरशी पुसताना फिनाइलचं पाणी उडतं. कामाला येणाऱ्या मावशींना एकदा जवळ बोलावून दाखवा, की या एवढ्या भागात साधं पाणी. मुंग्यांचा खडू तर स्टँडच्या आसपास कधीच नको. त्यातलं कीटकनाशक माशांना फार घातक असतं. मुंग्या चढत असतील तर पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा.

पायरी ४ : पाइप

संपाची जागा ठरली की पाइपांची वाट पेन्सिलने भिंतीवर काढा.

उतरता पाइप जाड हवा, चढता पाइप बारीक चालतो. उतरत्या पाइपाला कुठेही वर चढ नको, आणि आडव्या भागाला सतत उतार हवा. ९० अंशांच्या एका एल्बोऐवजी ४५चे दोन लावा. खाली संपात पाइपाचं तोंड पाण्यात इंच-दीड इंच बुडलेलं ठेवा. हवेत ठेवलं तर धबधब्यासारखा आवाज येतो, खोल बुडवलं तर आतली हवा बाहेर पडेना आणि पाणी धक्क्या-धक्क्याने येतं.

उतरत्या पाइपासाठी टाकीला भोक पाडून घ्या, आणि जमलं तर दोन: एक नेहमीचं, दुसरं थोडं वर, पहिलं तुंबलं तर उपयोगी पडणारं. भोक रिकाम्या टाकीला, काचकाम करणाऱ्याकडून. टफन्ड काचेला भोक पडत नाही, ती फुटते, म्हणून टाकी बनवायला देतानाच सांगा. काठावर अडकवायचे सायफनचे ओव्हरफ्लो मिळतात, त्यांना भोक लागत नाही. पण त्यात हवा शिरून सायफन तुटला, तर वीज परत आल्यावर पंप पाणी चढवत राहतो आणि खाली काहीच येत नाही. जिथे वीज वारंवार ये-जा करते तिथे मी तो वापरणार नाही.

पंप किती मोठा? टाकीतलं पाणी तासाला चार-पाच वेळा फिरलं पाहिजे. माझ्या टाकीला तासाला हजार-बाराशे लिटर. पण खोक्यावर लिहिलेला आकडा शून्य उंचीचा असतो. शेजारी "कमाल उंची" लिहिलेली असते, तिथे पाणी शून्य. कमाल उंचीच्या निम्म्यावर गेलात की पाणीही ढोबळमानाने निम्मंच धरा. स्टँडच्या आतल्या संपातून मला सव्वा मीटर चढवावं लागतं, म्हणून २५०० लिटरचा, अडीच मीटर उंचीचा पंप. संप लांब नेला की हाच हिशोब वाढत जातो.

पायरी ५ : उन्हाळा

बाहेरच्या गावांतल्या लोकांचा सल्ला ऐकून संप ठेवला तर इथे फसायला होतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो. माझा पश्चिमेच्या व्हरांड्यातला संप मे महिन्यात दुपारी चारला ३४ अंश दाखवायचा. हॉलमधली टाकी सावलीत होती, पण पाणी तर तेच फिरत होतं. बहुतेक उष्णकटिबंधीय माशांना २४ ते २८ अंश बरे. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. त्याच वेळी माशांची गरज वाढलेली असते, आणि अमोनियाही गरम पाण्यात जास्त बाधतो. ऑस्कर पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडून श्वास घेताना पाहिलाय का? मी पाहिलाय. तेव्हा मी संप तिथून हलवला.

म्हणून संपाची जागा निवडताना दुपारी दोन ते पाच त्या कोपऱ्यात थर्मामीटर ठेवून बघा. पश्चिमेची भिंत रात्री नऊपर्यंत उष्णता सोडत असते, तिला टेकून संप नको. स्टँडमध्ये ठेवला तर पाठ उघडी ठेवा, दारांना जाळी लावा. पंपाची स्वतःचीही थोडी उष्णता असते आणि बंद कपाटात ती कोंडते.

चांगली गोष्ट अशी की आपली हवा कोरडी आहे. संपावर छोटा पंखा तिरका लावला की कूलरसारखंच होतं, पाणी वाफ होऊन उडतं आणि दोन-तीन अंश उतरतात. त्यासाठी संपावर पंख्याची जागा हवी, हेही मापात धरा.

पण उडालेलं पाणी भरावं लागतं. मे महिन्यात पंखा चालू असताना मला रोज सात लिटरच्या आसपास भरावं लागतं. आणि हे नीट लक्षात घ्या: संप चालू असताना पातळी फक्त पंपाच्या कप्प्यात उतरते, बाकी सगळीकडे तशीच राहते. माझा पंपाचा कप्पा २५ × ३५ सेंटिमीटरचा आहे. सात लिटर म्हणजे तिथे आठ सेंटिमीटर. दोन दिवस गावाला गेलात की पंप कोरडा. त्यामुळे संपाशेजारी वीस लिटरचा कॅन मावेल एवढी जागा राखून ठेवा. कॅन संपापेक्षा उंच ठेवून, कूलरला लावतात तसला फ्लोट व्हॉल्व्ह पंपाच्या कप्प्यात लावला की पातळी आपोआप राहते. घरावरच्या टाकीचं कनेक्शन थेट जोडू नका. व्हॉल्व्ह अडकला तर कॅनमधून वीस लिटर येतील, वरच्या टाकीतून हजार येतील. शिवाय नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं.

कॅन मी पाणी यायच्या दिवशी भरून, क्लोरीन काढून ठेवते. क्लोरीन घालवायला हायपो मागताना पूर्ण नाव सांगा: सोडियम थायोसल्फेट, खड्यांचं. फरशी निर्जंतुक करायच्या सोडियम हायपोक्लोराइटलाही लोक हायपो म्हणतात, आणि ते तर क्लोरीनच. बोअरचं पाणी जड असेल तर नुसतं भरत राहू नका. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. आठवड्याला थोडं पाणी काढून बदला. त्यासाठी संपापासून मोरीपर्यंत नळी पोचते का, हेही जागा बघतानाच बघा.

पायरी ६ : वीज

सॉकेट संपाच्या वर आणि बाजूला, पाण्याच्या डोक्यावर नको. वायर आधी खाली लोंबू द्या आणि मग सॉकेटकडे वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब खालच्या वळणावर गळून पडतो. एक्स्टेंशन बोर्ड स्टँडच्या तळाशी पडलेला मी कितीतरी घरांत पाहिलाय. तो आजच्या आज भिंतीला वर ठोका. त्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारं बटण) बसवून घ्या आणि अर्थिंग तपासून घ्या. पाण्यात हात घालण्याआधी बटण बंद. घरातल्या सगळ्यांना हे माहीत हवं.

पंप इन्व्हर्टरच्या लाइनवर घेता आला तर उत्तम. साध्या इन्व्हर्टरवर पंप गुणगुणतो आणि तापतो, साइन वेव्ह प्रकारच्या इन्व्हर्टरवर नीट चालतो. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप तरी घ्या.

पायरी ७ : मासे सोडण्याआधीची चाचणी

सिलिकॉन पूर्ण सुकू द्या. संप आधी अंगणात काठोकाठ भरून दोन दिवस ठेवा. मग जागेवर नेऊन जोडा, साधं पाणी भरा आणि पंप चालू करा.

अर्ध्या तासाने पाणी स्थिर झालं की पंपाच्या कप्प्यावर मार्करने रेघ मारा. ही चालू रेघ. आता पंप बंद करा आणि पाणी खाली यायचं पूर्ण थांबेपर्यंत बघत राहा. संपात पाणी जिथे थांबेल तिथे दुसरी रेघ. ही बंद रेघ. ती काठाच्या निदान दोन इंच खाली हवी. पंप पुन्हा चालू करा आणि पाणी पहिल्या रेघेवर परत येतं का बघा. असं पाच-सहा वेळा करा, कारण वीज एकदा जाऊन थांबत नाही.

मग उलटी चाचणी. उतरत्या पाइपाचं तोंड तळहाताने बंद करा. दोन भोकं असतील तर दोन्ही. पंप आपल्या कप्प्यातलं सगळं पाणी वर ढकलेल. वरची टाकी त्यात ओसंडता कामा नये. माझ्याकडे पंपाला मिळणारं पाणी १३ लिटर, वर काठापर्यंत मोकळी जागा ४ सेंटिमीटर म्हणजे २१ लिटर, म्हणून निभावतं. तुमच्याकडे ओसंडत असेल तर पंपाचा कप्पा लहान करा किंवा वरची पातळी थोडी उतरवा. ही चाचणी फार जण करत नाहीत. पाइपात सुटलेलं पान किंवा मेलेला मासा अडकल्यावर ती आपोआप होते.

शेवटी रात्री घर शांत झाल्यावर तिथेच एक चटई टाकून पंधरा मिनिटं बसा. कुठे गुडगुड येते, कुठे पंप स्टँडला टेकून थरथरतो, ते तेव्हाच कळतं. पंपाखाली स्पंजाचा तुकडा घाला, पाइप जिथे लाकडाला किंवा लोखंडाला घासतो तिथे जुन्या टॉवेलची पट्टी गुंडाळा. दोन रेघांची मापं एका कागदावर लिहून स्टँडच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. तुम्ही घरी नसताना संपात पाणी चढलेलं दिसलं, तर घाबरायचं की नाही हे घरच्यांना त्या कागदावरून कळेल. आमच्याकडे सासूबाई वीज गेली की आता आधी तोच कागद बघतात.